झिरीची वाट कुणी सांगितली

दादा, तू गेल्यावर सुतकाच्या दिवसांत घरी आलेला प्रत्येक जण एकच वाक्य बोलून गेला. "मिल बंद झाली तेव्हापासूनच खचला होता बिचारा." मी मान डोलावत होते आणि चहा पुढे करत होते. दिवसांत आलेल्या माणसांशी वाद कुठे घालत बसायचा? पण हे खोटं आहे, हे मला ठाऊक आहे. मिल बंद झाली त्या वर्षी तू चांगला गोल झाला होतास. "आता रोजच सुट्टी आहे ना, तो काय करू," म्हणत सराफ्यातून कचोऱ्या बांधून आणायचास आणि आई नको म्हणते म्हणून मलाच चार खायला लावायचास. खचलेला माणूस असा नसतो.

तू खचलास तो झिरीची, आपल्या जंगलातल्या झऱ्याची, गुपित वाट फुटली तेव्हा. त्या दिवसापासून शेवटच्या श्वासापर्यंत तू धरून चाललास की ती वाट तुझ्या मित्राने, गुलसिंगने फोडली. दादा, ती मी फोडली. पाच वर्षं, आई गेल्यावर आपण दोघंच उरलेल्या घरात, रोज सकाळी तुझ्यासमोर बसून पोहे खाताना मी हे वाक्य गिळत राहिले. आता तू ऐकणार नाहीस आणि आता मी लिहायला बसले आहे. यातला भित्रेपणा मला कळतो. तरी लिहिते.

मी दहा वर्षांची होते आणि तू एकोणिसाचा. अण्णा गेले आणि वडिलांच्या जागी तुला मिलच्या वाइंडिंग खात्यात नुकतं घेतलं होतं. बॉबिनवरचं सूत मोठ्या कोनावर गुंडाळायचं, तुटलं की गाठ मारून पुन्हा चालू करायचं, हे तुझं काम. एका हाताने, बघता बघता, तू ती गाठ मारायचास आणि मला जमेना म्हणून मी रडायचे. मिलच्या सुट्टीच्या दिवशी आपण अंधार असतानाच इंदूरहून, आपल्या स्नेहलतागंजातून निघायचो. स्टेशन जवळ, पायीच. मग मीटरगेजची ती छोटी गाडी, महू, पातालपानी, बोगदे आणि कालाकुंड. तिथे सगळी गाडी पानातला कलाकंद घ्यायला उतरायची आणि आपण दोघं फलाटाच्या उलट्या बाजूने उतरून जंगलात शिरायचो. आईला वाटायचं, पोरगा बहिणीला कलाकंद खायला नेतो.

झिरीला तू नाव ठेवलं होतंस, नळ. आपल्या गल्लीत नर्मदेचं पाणी एक दिवसाआड यायचं आणि त्यावरून बायकांची रोज जुंपायची. इकडे डोंगरातल्या कपारीत बारा महिने पाणी, आणि तिथे एक माणूस नाही. रात्री जेवताना तू मला विचारायचास, "शैले, उद्या नळावर यायचं का?" आई म्हणायची, "उद्या कुठलं आलंय पाणी, परवा आहे." आपण ताटात बघत हसू दाबायचो.

आणि सूत. त्याशिवाय आपण कधी गेलोच नाही. खात्यात खराब म्हणून बाजूला काढलेलं पांढरं सूत तू डब्याच्या पिशवीतून आणायचास. कालाकुंडहून झिरीपर्यंत दीड तासाची चढण, पायवाट अशी नाहीच, सगळीकडे साग आणि पळस. जिथे वाट फुटेल तिथल्या झाडाला कमरेच्या उंचीवर तू सूत बांधायचास. परत येताना मी ते सोडायचं आणि हातावर गुंडाळत यायचं. खाली पोचेपर्यंत माझ्या मनगटावर चांगलं जाडजूड कडं व्हायचं. नियम एकच होता. जेवढं बांधलं तेवढं सुटलं पाहिजे. एकदा मी कंटाळून एका धावड्याच्या झाडाचं सूत तसंच ठेवलं. स्टेशनवर आल्यावर तू माझ्या मनगटाकडे बघितलंस आणि मागे वळलास. अर्धी चढण आपण पुन्हा चढलो. गाडी चुकली, आईचा मार खाल्ला. मी तुझ्याशी दोन दिवस अबोला धरला होता. तू म्हणालास, "अगं, ती वाट आपली नाही. गुल्याने उधार दिली आहे."

गुलसिंग तुझ्याच वयाचा. स्टेशनवर सीताफळं आणि लाकडाच्या मोळ्या विकायचा. त्याच्या आईला ताप चढला होता तेव्हा तू तिला पाठीवर घेऊन छोट्या गाडीत घातलंस आणि इंदूरच्या मोठ्या दवाखान्यात तिच्याजवळ चार दिवस बसलास. तू काय केलंस ते तू कधी सांगितलं नाहीस. मला गुलसिंगने सांगितलं. त्याबदल्यात त्याच्याकडे देण्यासारखं होतं ते त्याने तुला दिलं. त्याचा फलिया म्हणजे डोंगरउतारावर विखुरलेली पंधरावीस घरं. उन्हाळ्यात टिकणारं पाणी बाहेरच्याला दाखवायचं नाही, ही त्यांची जुनी रीत. ती त्याने तुझ्यासाठी मोडली. आणि आपलं सूत बघून तो लोटपोट हसला होता. "दादा, पेड़ को राखी बांधते हो क्या?" तू म्हणालास, "हां, और बेन मेरी वापस उतार लेती है." तेव्हापासून तो मलाही बेन म्हणायला लागला.

मला ते दिवस आठवतात तेव्हा चांगलं वाटायला हवं. वाटत नाही. तू मला पाण्याकाठी पालथं पडून प्यायला शिकवलंस, जनावरं यायच्या वेळा शिकवल्यास, उताराचा अंदाज पायाने घ्यायला शिकवलंस. त्या शिकवण्यावर मी आयुष्यभर जेवले, आणि त्याच शिकवण्याने मी तुला बुडवलं. आभार मानायला जाते तर तेच आधी आठवतं.

मिल बंद झाली तेव्हा मी पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला होते. भोंगा वाजायचा थांबला आणि आपल्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांची सकाळ कधी सुरू होते तेच त्यांना कळेनासं झालं. तुझं ठरत आलेलं लग्न मोडलं. ते तू इतक्या सहज सोडून दिलंस की मुलीकडचेच ओशाळले. मग भंवरकुआंला एका कोचिंग क्लासच्या दारावर तू गार्ड म्हणून लागलास. निळा शर्ट, गळ्यात शिट्टी. आयआयटीला निघालेली पोरं तुला अंकल म्हणून आयकार्ड दाखवायची. मला वाईट वाटायचं. तू म्हणायचास, "आधी सूत तुटलं तर बघायचो, आता पोरं. काम सेम आहे, शैले, टेन्शन नको घेऊ." घरातलं सूत संपलं तेव्हा मात्र तू डब्याची पिशवी दोनदा झटकून बघितलीस. शेवटची गुंडी आईने न विचारता गोधडीला वापरली होती. त्यानंतर आपण सुताशिवाय जायला लागलो. तोपर्यंत वाट पायांना पाठ झाली होती.

मग माझी नोकरी. मोबाइलचे टॉवर कुठे उभारता येतील ते बघून देणारा एक ठेकेदार होता, त्याच्याकडे सर्वेचं काम. मुलाखतीत साहेबाने मार्क विचारलेच नाहीत. "मॅडम, जंगल में चल लोगी?" एवढंच विचारलं. मी हो म्हणताना मनात तुझं नाव घेतलं होतं. पहिल्या महिन्यात त्यांनी मला जीपीएस दिला. मुठीत मावेल एवढा, पिवळा-काळा. शनिवारी तो मी घरी आणला, तुला दाखवायला.

लोकांना वाटतं, तुझ्यासारखा माणूस यंत्राला नाकं मुरडत असेल. तू मिलचा माणूस होतास. तू तो जीपीएस हातात असा फिरवलास की माझा इंजिनिअर साहेबही तसा फिरवत नसेल. किती उपग्रह लागतात, बॅटरी किती चालते, पावसात काय होतं. "चार उपग्रहांत काम भागतं? आमच्या खात्यात तर एका मशीनला सहा माणसं लागायची." आणि मग तूच म्हणालास, "उद्या नळावर घेऊन जाऊ हिला. बघू तरी, आपली वाट हिला समजते का."

हे मी स्वतःला सोडवून घ्यायला लिहीत नाही, दादा. पण ते तू म्हणालास. मला ते वाक्य विसरता येत नाही आणि तुझ्यावर ढकलताही येत नाही.

रविवारी आपण गेलो. तू पुढे, मी मागे, जीपीएस तुझ्या हातात. प्रत्येक वळणावर थांबून तू पडद्यावरची रेघ बघायचास आणि लहान मुलासारखा खूश व्हायचास. झिरीच्या कपारीत शिरल्यावर सिग्नल गेला. तू केवढा हसलास. "हिची हवा निघाली. गुल्याचं पाणी हिला दिसत नाही." पाणी प्यायलो, पोळी-लोणचं खाल्लं. निघताना मी जीपीएस बंद करायला हात पुढे केला तर तू अडवलंस. "वेडी आहेस का? चालूच ठेव. ज्या वाटेने आलो त्याच वाटेने चालू ठेवून परत गेलं, की सगळं गुंडाळलं जाईल. नाहीतर राहील ना मशीनमध्ये."

तुझी सगळी जवानी गुंडाळण्यात गेली होती. सूत सोडलं की सुटतं आणि उलटं फिरवलं की परत येतं, हे तुला श्वासासारखं माहीत. मला खरं काय ते माहीत होतं. मी नुसती हसले. इतका गोड वाटलास तू त्या क्षणी की तुला दुरुस्त करावंसं वाटलं नाही. कालाकुंड स्टेशनवर बाकावर बसून तू स्वतः बटण दाबून तो बंद केलास आणि रुमालात बांधून माझ्याकडे दिलास. "झालं. सगळं वसूल."

सोमवारी ऑफिसात ऑपरेटरने जीपीएस केबलला लावला आणि सगळा आठवडा कॉम्प्युटरवर उतरवला. त्यात आपली वाट होती. जाताना एक रेघ आणि तिच्यावरच येतानाची दुसरी. दोन्ही मिळून ती बाकीच्यांपेक्षा ठळक दिसत होती. तो म्हणाला, "मॅडम, ये डबल लाइन कैसी है? कोई चालू रास्ता है क्या? रखूं या उड़ा दूं?"

त्या दोन मिनिटांकडे मी इतकी वर्षं बघते आहे. मागे साहेब उभा नव्हता. कुणी मला धमकावत नव्हतं. एक शब्द बोलायचा होता. मी त्या पडद्याकडे बघत होते आणि मला तिथे धावडा दिसत होता, तू मागे वळलास ती जागा दिसत होती, माझं सगळं लहानपण त्या निळ्या रेघेत वळणं घेत होतं. ते पुसून टाकायला मन धजलं नाही. शिवाय, खोटं कशाला बोलू, मला थोडा तोराही आला होता. अख्ख्या ऑफिसात हे कुणाला माहीत नव्हतं, फक्त मला माहीत होतं. मी म्हटलं, "रख लो."

पुढचं सगळं आपोआप झालं. टॉवरसाठी डोंगराचा माथा लागतो, माथ्यावर डिझेलचा जनरेटर लागतो, जनरेटरपर्यंत गाडी जायला रस्ता लागतो, बांधकामाला पाणी लागतं. त्या ठळक रेघेवरून माणसं चालत गेली तेव्हा हे सगळं एका ठिकाणी मिळालं. साहेबाने मला सगळ्यांसमोर शाबासकी दिली. मी घरी आले आणि तुला सांगितलं की आज ऑफिसात फार डोकं दुखलं. तू माझ्या कपाळाला बाम लावलास.

टॉवर उभा राहिल्यानंतरच्या एका रविवारी माझा मोबाइल वाजला. तू शेजारी बसून शेंगा सोलत होतास. ऑफिसातला एक मुलगा होता, मित्रांना घेऊन फिरायला गेला होता, मागे गाणी वाजत होती. "मॅडम, वो अपने टॉवर के नीचे पानी है ना, वहीं से बोल रहा हूं. फुल नेटवर्क. मस्त जगह है, आप आई हो कभी?" मी म्हटलं, "नहीं." तू विचारलंस, "कोण होतं?" मी म्हटलं, "ऑफिसचं." तू सोललेले दाणे माझ्या वाटीत टाकलेस.

तू जायचं म्हणायचास आणि मी कामं काढायचे. शेवटी तू एकटाच गेलास. संध्याकाळी परत आलास, चपला न काढता आत आलास आणि भिंतीला टेकून बसलास. झिरीला पाइप लावून खाली कुणाच्या तरी फार्महाऊसवर पाणी नेलं होतं. कपारीत प्लास्टिकचे ग्लास आणि बाटल्या. पाणी करंगळीएवढं उरलं होतं, पुढच्या उन्हाळ्यात तेही गेलं. मला वाटलं, आता तू ओरडशील. तू फार हळू बोललास. "मिल गेली, ठीक आहे. ती सेठाची होती. ही तर आपल्यावर भरोसा ठेवून दिलेली होती ना." मग चपला काढत म्हणालास, "गुल्याने सांगितलं. अजून कोण?"

दादा, तू मला एकदाही विचारलं नाहीस. फलियाबाहेर फक्त आपल्या दोघांना माहीत होतं, त्यातला एक तू, आणि मी तुझ्यासमोर बसले होते, टॉवरवाल्यांच्या नोकरीत. "शैले, तू तर नाही ना?" असं विचारायचं तुझ्या मनातही आलं नाही. माझ्यावर असा आंधळा विश्वास ठेवायचा तुला काय अधिकार होता? विचारलं असतंस तर मी खरं सांगितलं असतं, असं मी स्वतःला सांगते. खरं म्हणजे तेव्हाही खोटंच बोलले असते.

पुढच्या रविवारी तू मला घेऊन कालाकुंडला गेलास. गुलसिंग फलाटावर टोपली घेऊन उभा होता. आपल्याला बघून हसला. तू त्याला लोकांसमोर विचारलंस. त्याने टोपली खाली ठेवली. "मेरे को तो याद नहीं, दादा. कभी पी के मुंह से निकल गई होगी." तू म्हणालास, "आज से तेरा-मेरा ख़त्म." एवढंच. मी तीन पावलांवर उभी होते. माझ्या हातात पानात बांधलेला कलाकंद होता, नुकताच घेतलेला. मी तो धरून उभी राहिले. गाडीने शिटी दिली, आपण चढलो, महूपर्यंत तू खिडकीबाहेर बघत होतास.

त्यानंतर तू जंगलात गेला नाहीस. रविवारी सकाळी उठायचास, आंघोळ करून तयार व्हायचास आणि ओट्यावर बसून राहायचास. छोटी गाडी सुटल्याची शिटी ऐकू आली की आत येऊन पेपर उघडायचास. दम वाढत गेला. मिलमधला कापूस छातीत बसलाय, असं डॉक्टर म्हणाले. असेलही. पण कापूस तर त्याआधी कितीतरी वर्षं बसलेला होता.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तू एकदा डोळे उघडून म्हणालास, "गुल्याला निरोप दे." मी खाटेजवळ वाकले. तुला दम लागला. मग म्हणालास, "नको. राहू दे." मला तेव्हा बोलता आलं असतं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, तू शुद्धीत होतास, माझा हात तुझ्या हातात होता. मी सलाईनची नळी सरळ केली आणि नर्सला बोलवायला गेले.

तेराव्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी कालाकुंडला गेले. म्हटलं, एकाला तरी खरं सांगते. एक माणूस तरी पाठीवरचं ओझं टाकून देईल. फलियात गुलसिंगचं घर शोधायला त्रास झाला, कारण तो आता सगळ्यांपासून लांब, उताराच्या पार खाली राहतो. बाहेरच्याला पाणी दाखवलं म्हणून पंचांनी त्याला आपल्यात बसवणं बंद केलंय. हे आपल्याला माहीत नव्हतं, दादा. आपण ते विचारायलाही गेलो नाही. केस पांढरे झालेत. त्याने खाट टाकली, लोटाभर पाणी दिलं. हातपंपाचं होतं, लोखंडाच्या चवीचं.

तू गेल्याचं सांगितलं, मग बाकी सगळं. जीपीएस, निळी रेघ, ऑपरेटर, "रख लो". हिंदी नीट जुळत नव्हती, मधेच मराठीत बोलत होते. मी म्हटलं, "तुम्हारी कोई ग़लती नहीं थी. मेरी थी. दादा को भी ग़लत मालूम था."

तो पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता. मग बोटांवर एकेक करून म्हणाला, "मशीन को तूने दिखाया. तेरे को दादा ने दिखाया. दादा को किसने दिखाया, बेन? मैंने." आणि हात मांडीवर ठेवला. "मेरे फलिये वाले झूठ थोड़ी बोलते हैं."

मी त्याला समजावायचा प्रयत्न केला. तसं नसतं, असं पुन्हा पुन्हा म्हणाले. तो मान हलवत होता, मला बरं वाटावं म्हणून. मी जे उतरवायला गेले होते ते त्याने उचलून परत आपल्या डोक्यावर ठेवलं होतं, आणि मला ते काढून घेता येईना. मग त्याने एकच गोष्ट विचारली. "दादा आख़िर में मेरा नाम लिये थे?"

मी हो म्हटलं. निरोप दे म्हणाले होते, असं सांगितलं. पुढचं "राहू दे" मी सांगितलं नाही. म्हणजे त्यालाही मी अर्धंच सांगितलं.

"मैं हर एतवार टेसन पे बैठता था," तो म्हणाला. "छोटी गाड़ी में देखता था, कि आज उतरेंगे. पांच साल." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मी तो घेतला असता. ऊन कलायला लागलं होतं, गाडीची वेळ होत आली होती. मी उठले. तो मला उतारापर्यंत सोडायला आला आणि थांबला.

"एक महीना पहले आ जाती, बेन."

दादा, एक महिन्यापूर्वी तू घरी खिडकीजवळच्या खाटेवर उशांना टेकून बसला होतास. मी पर्स घेऊन दाराशी चपला घालत होते. तू विचारलंस, "शैले, आज लवकर येशील का? थोडं बोलत बसू."

मी म्हटलं, "बघते."